सगळ्यांत मोठा गीतकार कोण?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थ्यांच्या वादविवाद स्पर्धेनंतर परीक्षक या नात्याने केलेले भाषण)



माझ्या खिशात एक बंद पाकीट आहे. त्यात गुणांचा तक्ता आहे आणि तो मी शेवटी वाचून दाखवणार आहे. परंतु गुण दिले ते तुम्ही कसे बोललात यासाठी. तुम्ही जो प्रश्न घेतलात, की लोकांच्या तोंडी बसलेली गाणी लिहिणाऱ्यांत सगळ्यांत मोठा कोण, त्याचा निकाल त्या पाकिटात नाही. अध्यक्षांनी दहा मिनिटे दिली आहेत. मी जास्त घेणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम एका पालकांचे समाधान करतो. चहाच्या वेळी ते मला म्हणाले, "सर, पोरांना अभ्यास कमी आहे का, म्हणून शाळेत सिनेमाच्या गाण्यांवर वाद घालायचा?" त्यांची काळजी मला समजते. संगीत ऐकावे की ऐकू नये हा प्रश्न मी येथे काढत नाही. तो आलिमांचा प्रांत आहे आणि मी भाषेचा मास्तर आहे. मी शब्दांविषयी बोलणार. जे शब्द आपण न शिकता पाठ करतो, जे रिक्षावाल्याला येतात आणि प्राध्यापकालाही येतात, ते कोणी जुळवले हे विचारणे भाषेच्या अभ्यासात बसते, अशी माझी समजूत आहे. शिवाय २०१६ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक अमेरिकेच्या बॉब डिलन या गाणी लिहिणाऱ्या माणसाला मिळाले. तेव्हा आता कोणी नाक मुरडू नये.

आठ मुले बोलली. दोघे साहिर लुधियानवींच्या बाजूने, एक शैलेंद्रांच्या, एक मजरूह सुलतानपुरींच्या. मराठीत एकाने ग. दि. माडगूळकर घेतले, एकाने सुरेश भट, एकाने जगदीश खेबुडकर आणि एका मुलीने शांता शेळके. मजरूहांच्या वकिलाने दाखला दिला की १९९३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि तो मिळवणारे ते पहिलेच गीतकार. दाखला खरा आहे. पण पुरस्कारांवर मोठेपण ठरवायचे, तर वाद स्पर्धेत घालायला नको, कपाट उघडून मोजावे. खेबुडकरांच्या वकिलाने गाण्यांची संख्या सांगितली. संख्येनेही काम भागत नाही; तरी 'पिंजरा' (१९७२) या एका चित्रपटाच्या जोरावर त्याला जास्त लांब जाता आले असते. शांताबाईंची बाजू घेणाऱ्या मुलीने मात्र एक चांगली गोष्ट शोधून आणली. बाईंनी काही गीते 'डॉ. वसंत अवसरे' या नावाने लिहिली. गाणे सगळ्यांच्या ओठांवर आणि ते कोणा डॉक्टरांचे नसून एका प्राध्यापिकेचे आहे हे बहुतेकांना ठाऊक नाही! या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता ज्या वाक्यामुळे मी जास्त वेळ मागितला ते वाक्य. साहिरच्या बाजूने बोलणारा नववीतला मुलगा रंगात येऊन म्हणाला, "माडगूळकर मोठे असतील, पण ते त्यांचे. आपले साहिर." सभागृहात टाळ्या झाल्या. मुलांनीच नव्हे, मागच्या रांगांतून पालकांनीही वाजवल्या. माझे पेन तेथे थांबले. त्या मुलाचे मी गुण कापलेले नाहीत. परंतु त्या टाळ्यांना उत्तर दिल्याशिवाय मला घरी जाता येणार नाही.

साहिर आधी घेऊ. साहिरला 'आपला' म्हणून जवळ ओढणाऱ्याला बहुधा साहिरनेच पहिला विरोध केला असता. 'धूल का फूल' या १९५९ च्या चित्रपटात त्यांनी जे गाणे लिहिले, त्यात एका सापडलेल्या पोराला म्हातारा माणूस सांगतो, की तू अमक्या-तमक्याचा होऊ नकोस, माणूस हो. ते शब्द साहिरचे, गळा महंमद रफींचा, आणि चाल एन. दत्ता यांची. हे एन. दत्ता म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक. आता सांगा, या गाण्याची वाटणी कशी करणार? तसेच 'बैजू बावरा' (१९५२) मधले ते प्रसिद्ध भजन. शब्द शकील बदायुनींचे, संगीत नौशादांचे, आवाज पुन्हा रफींचा. ते भजन 'त्यांचे' की 'आपले'?

उरले माडगूळकर. येथे मला माझ्या लहानपणात जावे लागेल.

१९५५ साली मी आठ वर्षांचा होतो. आम्ही नाना पेठेत एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. वडील बुकबाइंडर. वाड्यात रेडिओ एकच, मालकांकडे, आणि मालक तो खिडकीत ठेवीत, म्हणजे सगळ्या वाड्याला ऐकू येई. त्या वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवे गाणे, तेच पुन्हा शनिवारी व रविवारी. वर्षाचे आठवडे बावन्न. पण त्या साली अधिक महिना आला म्हणून गाणी छप्पन्न झाली. आठवड्याला एक गाणे, तेही वर्षभर, चुकवायचे नाही! गृहपाठ दोन दिवस उशिरा आणणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा.

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे जुम्याची गडबड. आंघोळी, कपडे, वडिलांची टोपी सापडत नाही ती शोधणे. पण पावणेनऊला वडील छापखान्याकडे निघायचे थांबत. ते उर्दू वाचणारे, मराठी छापील फर्मे शिवणारे. ते एवढेच म्हणत, "लफ्ज साफ हैं इसके." माझी आई चौकातल्या मोरीवर भांडी घाशीत असे, आणि त्या पाव तासात भांड्याचा आवाज होऊ देत नसे. आईला लिहिता-वाचता येत नव्हते. घरात आमची दखनी, बाजारात तिची मोडकी मराठी. रामाची कथा तिला वाड्यातल्या बायकांकडून जेवढी कळली तेवढीच.

माझा थोरला भाऊ त्याच वर्षी मुंबईला गोदीत कामाला गेला होता. सतरा वर्षांचा. एका शुक्रवारी कौसल्येचे गाणे लागले. मुलगा वनवासाला निघाला आहे आणि आई त्याला जाऊ नको म्हणते आहे. गाणे संपले. मालकांनी रेडिओ बंद केला. आई तशीच बसून राहिली, हाताला राख लागलेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इसकू मां के दिल का कैसा मालूम पडा रे?"

मित्रहो, पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो, समीक्षेची जाडजूड पुस्तके वाचली, आणि चाळीस वर्षे शिकवले. गीतकार पारखण्याची यापेक्षा चांगली कसोटी मला कोठे सापडली नाही.

हे माडगूळकर कोण होते? जन्म १ ऑक्टोबर १९१९, शेटफळे गावी, माणदेशात. पावसाने कायम पाठ फिरवलेला तो मुलूख. घरची गरिबी. औंध संस्थानात शिकले आणि मॅट्रिकला नापास झाले. गणिताने घात केला. पोटासाठी कोल्हापुरास गेले, तेथे वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम केले, सिनेमात लहानसहान कामे केली. पुढे दीडशेच्या आसपास मराठी चित्रपटांशी त्यांच्या लेखणीचा संबंध आला. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ची कथा-पटकथाही त्यांचीच. (माझा गणितात सहामाहीला भोपळा आला तेव्हा मी वडिलांना हे माडगूळकरांचे उदाहरण ऐकवले होते. वडील म्हणाले, "वो हिसाब में नापास हुआ, मराठी में नहीं. तेरी मराठी का परचा बता." तो दाखवण्यासारखा नव्हता.)

ज्या माणसाने रामायण गीतांत आणले, त्यानेच 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) साठी तमाशाच्या फडाची भाषा लिहिली. 'सांगत्ये ऐका' (१९५९) ची गाणी त्याचीच. हा चित्रपट येथे, आपल्या पुण्यात, विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला. अंगाई, अभंग, लावणी, मुलांची गाणी, लग्नाची गाणी. बसेल त्या पाटावर हा माणूस जेवायला बसतो आणि परका वाटत नाही.

येथे जरा कारागिरीचे बोलू. कविता आणि गाणे यांत फरक आहे. कविता वाचणारा अडला तर मागे जाऊन पुन्हा वाचतो. गाणे ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. चाल पुढे गेली की गेली. म्हणून गाण्यातला शब्द पहिल्या फटक्यात कळला पाहिजे, आणि तरी शंभराव्या वेळी फिका पडता कामा नये. पुन्हा जेथे गायक सूर लांबवणार तेथे 'आ', 'ई', 'ओ' असा उघडा स्वर हवा. तेथे जोडाक्षर आले तर गायकाचा जीव गुदमरतो. कित्येकदा चाल आधी तयार असते आणि त्या मापाने शब्द बसवायचे असतात, जसा शिंपी अंगावर माप घेऊन कापड बेततो. कापड उत्तम आणि बाही आखूड, असे चालत नाही.

या हिशेबाने मी साहिर आणि शैलेंद्र यांच्यात शैलेंद्रांना वरचे स्थान देतो. माझ्यावर रागवू नका. साहिर मोठे शायर. त्यांची नज्म गाण्यात शिरते तेव्हाही ती ताठ मानेने शिरते, आणि ते पाहायला फार सुंदर वाटते. परंतु शैलेंद्र, जे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम करीत होते, त्यांचे शब्द इतके साधे, की ते कोणी लिहिले असतील असे वाटतच नाही. आपणच ते बोलत होतो असे वाटते. एक योगायोग सांगतो. शैलेंद्र गेले १९६६ साली, माडगूळकर गेले १९७७ साली, दोघेही १४ डिसेंबरला.

सुरेश भटांविषयी बोललेल्या मुलाने एक गोष्ट सांगायची सोडली आणि माझ्या मते तीच या सभागृहात सांगायला हवी होती. उर्दूतली गझल अमरावतीच्या या माणसाने नुसती मराठीत आणली नाही, तिचे सगळे कायदे घेऊन आणली: मतला, काफिया, रदीफ, वृत्त. गझलेची बाराखडी लिहून ती नव्या कवींच्या हाती दिली. १९७४ साली 'रंग माझा वेगळा' आले, १९८३ साली 'एल्गार'. आज खेड्यापाड्यांतली मराठी मुले काफिया चुकला म्हणून एकमेकांचे कान धरतात. तुमच्या घरातले शब्द त्यांच्या वहीत जाऊन बसले आहेत. मग 'त्यांचे' आणि 'आपले' यांची रेघ नेमकी कोठून काढायची?

हा वाद आपल्या शहरात आजच सुरू झाला आहे असेही समजू नका. दोनशे वर्षांपूर्वी, उत्तर पेशवाईत, याच पुण्यात तमाशाच्या फडांची चढाओढ चाले. सवाल टाकायचा, जवाब द्यायचा, हरला त्याने मान खाली घालून जायचे. परीक्षक, पाकीट वगैरे काही नाही. गर्दी ज्याच्याभोवती टिकली तो मोठा. त्यांतला एक फड होनाजी बाळाचा. होनाजी जातीने गवळी; शब्द त्याचे आणि गळा त्याचा मित्र बाळा करंजकर याचा. लोकांनी दोघांचे नाव जोडून एकच केले, आणि लिहिणारा व गाणारा यांना सारखा मान दिला. आज गाण्याला गायकाचेच नाव लागते, ते आठवून मला त्या जुन्या लोकांचे कौतुक वाटते. होनाजीवर 'अमर भूपाळी' हा चित्रपट १९५१ मध्ये निघाला, त्यामुळे त्याचे नाव तुमच्या कानांवर असेल.

त्या फडाशी बरोबरीने झुंजणारा दुसरा फड होता सगनभाऊचा. सगनभाऊ कोण? जेजुरीचा मुसलमान. धंदा शिकलगाराचा, म्हणजे तलवारी-कट्यारींना धार लावण्याचा. त्याच्या लावण्या मराठीत आहेत. पेशवाई बुडाली तेव्हा तिच्यासाठी ज्यांनी पोवाडे रचले, त्यांत हा शिकलगार आहे. मराठी गाण्याच्या इतिहासात अनंत फंदी, परशराम, रामजोशी, होनाजी, प्रभाकर यांच्या ओळीत त्याचे नाव घेतात. आज आठ वक्ते बोलले. साहिरसाठी लुधियान्यापर्यंत गेले, मजरूहसाठी सुलतानपूरला गेले. जेजुरी येथून पन्नास किलोमीटरच्या आसपास, तेथे एकही गेला नाही!

आणि अमर शेख? बार्शीचे, जन्म १९१६, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या माणसाचा आवाज गिरणगावापासून खेड्यांच्या चावडीपर्यंत घुमला. १९६० साली मे महिन्याच्या पहिल्या तारखेला हे राज्य झाले, त्यात अमर शेखांच्या डफाचा वाटा आहे. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. तेही आज कोणाला आठवले नाहीत. दोष मुलांचा नाही. घरी आम्ही सांगितले नाही, वर्गात मी सांगितले असेन-नसेन.

आता शांताबाईंचा मुद्दा, नावाचा. जुन्या गाण्यात लिहिणारा आपले नाव शेवटच्या चरणात ओवून ठेवी. संतांच्या अभंगात नाममुद्रा असते, शाहिरांच्या लावणीत असते, आणि गझलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस असतो. म्हणजे गाणे जेथे जाईल तेथे नाव बरोबर जाई. चित्रपट आणि रेडिओ आले आणि ही सोय गेली. नाव तबकडीच्या कागदावर किंवा पडद्यावर क्षणभर. १९३६ च्या 'संत तुकाराम' या प्रभातच्या, म्हणजे पुण्यातच तयार झालेल्या चित्रपटात बीज आणि झाड यांवरचे एक गाणे आहे. ते शांताराम आठवले यांनी लिहिले. ते इतके अस्सल उतरले, की लोक ते तुकोबांचेच समजून चालले, आणि गाथेत शोधणाऱ्यांना सापडेना. गीतकाराचा यापेक्षा मोठा विजय कोणता? आणि यापेक्षा मोठा तोटा तरी कोणता?

तोटा पैशाचाही होता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मोबदला घेऊन चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याचा. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजो, लिहिणाऱ्याला एकदा मिळाले ते मिळाले. २०१२ मध्ये कायदा दुरुस्त झाला, आणि चित्रपटगृहाबाहेर गाणे जेथे वापरले जाईल तेथील मानधनात गीतकाराचा व संगीतकाराचा वाटा कायम राहिला. तो कोणाला लिहून देता येत नाही. जावेद अख्तर यांनी यासाठी राज्यसभेत भांडण मांडले. म्हणून चहाच्या वेळच्या त्या पालकांना सांगतो: मुलगा गाणी लिहू लागला तर घाबरू नका, पण त्याला करार वाचायला शिकवा. आणि दुसरे एक काम हाताशी असू द्या. सगनभाऊला शिकलगारी होती, हसरत जयपुरींनी मुंबईत बसची कंडक्टरी केली, खेबुडकर शाळेत शिकवीत होते.

वेळ झाली. अध्यक्ष घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहत आहेत.

माझा कौल विचाराल तर मी माडगूळकरांना देतो. मराठीचा मास्तर म्हणून नव्हे. मोरीवर बसलेल्या एका निरक्षर मुसलमान बाईच्या मनातले त्यांना कळले आणि तिला ते आपल्या घरातले वाटले, म्हणून देतो. तुम्ही माझे ऐकू नका. शैलेंद्रांसाठी, शांताबाईंसाठी भांडत राहा. त्या नववीतल्या मुलाने साहिरसाठीही भांडावे, फक्त 'आपले' हा मुद्दा सोडून. साहिरला त्या कुबडीची गरज नाही.

आता पाकीट उघडतो. पहिला क्रमांक त्याच मुलाचा आहे. उच्चार स्वच्छ, पाठांतर पक्के, सभा धरून ठेवली. बक्षीस म्हणून जे पुस्तक मिळणार आहे, ते माझ्या हातून घेण्यापूर्वी त्याने एक कबूल करावे. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर त्याने सगनभाऊवर पंधरा मिनिटे बोलायचे, आणि तत्पूर्वी एकदा जेजुरीला जाऊन यायचे. एस. टी. चे भाडे मी देतो.